थंडीला किती भ्यायचे?

मार्गशीर्ष-पौषात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत थंडीचा विषय हटकून असतो. या वेळच्या पत्रांतून सात पत्रे निवडली आहेत आणि बऱ्याच जणांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे फक्त गावाचा उल्लेख ठेवला आहे. उत्तरांआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरलेला पारा दुपारी तिशीच्या आसपास पोचतो आणि मुंबई-कोकणात तर पहाटही फार बोचरी नसते. एवढ्या थंडीने निरोगी मुलाचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते बहुधा थंडीच्या धास्तीने आपण घरात जे करतो त्याने: घट्ट बंद केलेल्या खिडक्या, धूर, अंगावर चढवलेले कपड्यांचे थर आणि विचार न करता पाजलेली औषधे. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून दरवर्षी या दिवसांत माझ्यासमोर जी मुले येतात, त्यांतील अनेकांच्या दुखण्याचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे आणि मुलगी तिसरीत. शाळेची बस पावणेसातला येते. जूनमध्ये दोघेही हाक मारताच उठत असत. आता मात्र सहा वाजता अक्षरशः ओढून उठवावे लागते. रडारड होते, डबा राहून जातो, आंघोळीवरून भांडण होते. सासरे म्हणतात की मुले आळशी झाली आहेत, थंड पाण्याचा हबका मारा. आमचे काय चुकते आहे? — एक आई, पुणे

उत्तर : मुले आळशी झालेली नाहीत; बाहेर अजून रात्र आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सूर्योदय त्यानंतरही काही आठवडे उशिराच होत जातो आणि जानेवारीच्या मध्याला पुण्यात तो सात वाजून गेल्यावर होतो. संध्याकाळ नोव्हेंबरअखेरपासूनच हळूहळू लांबू लागते, सकाळ मात्र जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत मागे सरकत राहते. म्हणजे तुमची मुले सध्या पहाटेच्या अंधारात उठतात, अंधारात आवरतात आणि झुंजुमुंजू होताना बसमध्ये बसतात. झोपेतून जागे होण्यासाठी शरीराला जो उजेडाचा इशारा लागतो, तोच त्यांना मिळत नाही.

आता झोपेचा हिशेब पाहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सहाला उठणाऱ्या तुमच्या मुलीने फार तर नऊला झोपी गेलेले असायला हवे. ‘झोपायला गेलेले’ आणि ‘झोपी गेलेले’ यांत बहुतेक घरांत पाऊण तासाचे अंतर असते, हेही धरा. मुलाचे थोडे वेगळे आहे. पौगंडावस्थेत झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे त्याला दहाच्या आत झोप येत नसेल तर तो नाटक करत नाही. मात्र हातात मोबाइल असेल तर आधीच उशिरा येणारी झोप आणखी लांबते, आणि ती गोष्ट तुमच्या हातातली आहे.

मी सुचवेन ते असे. आंघोळ संध्याकाळी, खेळून आल्यावर करू द्या. सकाळी सहा वाजता बारा अंशांत आंघोळ केल्याने मुलांच्या अंगी काही विशेष गुण येत नाहीत. सकाळी तोंड, हात-पाय धुणे पुरे. एवढ्यानेच वीस मिनिटे झोप वाढेल आणि सकाळचे निम्मे भांडण संपेल. वडील कामावरून साडेनऊला येतात म्हणून सर्वांची ताटे साडेनऊला घेण्याची पद्धत असेल तर ती थंडीपुरती तरी बदला. मुलांना साडेसातला जेवू घाला आणि एकत्र जेवण शनिवार-रविवारी निवांत होऊ द्या. उठवण्याच्या दहा मिनिटे आधी खोलीतला दिवा लावा. हबका मारण्याचा विचार सासऱ्यांनी कृपया सोडून द्यावा; त्याऐवजी नातवंडांचे पांघरूण काढून त्यांना आपल्या शालीत घेऊन दोन मिनिटे बसवण्याचे काम आजोबांनी अंगावर घेतले, तर घरात त्यांच्याइतके दुसरे कोणी ते चांगले करू शकणार नाही.

आणखी एक. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले आहे. झोपेचा विचार करूनच तो घेतला गेला. बसच्या फेऱ्या, दोन सत्रे, पालकांच्या नोकरीच्या वेळा अशा अडचणी शाळा पुढे करतात आणि त्यांतील काही खऱ्याही असतात. तरी तिसरीतल्या मुलीचा वर्ग सातला का भरतो, हा प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो एकट्याने न विचारता चार पालकांनी मिळून विचारावा.

प्रश्न : मला पाच महिन्यांचा नातू आहे. आमच्या घरात थंडीत बाळाला आंघोळीनंतर ओवा आणि वेखंडाची धुरी, छातीला कापूर घातलेले तेल, कानांवरून टोपडे आणि वर दुपट्यात गच्च गुंडाळणे, असेच चालत आले आहे. मी चार मुले अशीच वाढवली. सून यातले काहीच करू देत नाही. बाळाचे हात-पाय गार लागतात तेव्हा माझा जीव कासावीस होतो. यात तुम्ही कोणाची बाजू घ्याल? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, बाजू बाळाची घेतो, आणि त्यात तुमचेही बरेच काही शाबूत राहते. तुमचे तेलाचे मालीश हवेच आहे. खोबरेल तेल कोमट करून, हाताला चोळून, बाळाच्या अंगावर हलक्या हाताने जिरवलेले तेल कोरड्या पडणाऱ्या त्वचेला जपते आणि तुमच्या हातांची सवय बाळाला लावते. आंघोळ लवकर आटोपून, लगेच टिपून, उबदार कपड्यांत घेणे हेही बरोबर आहे. बाळाला बाहेर नेताना टोपडे किंवा कुंची अवश्य घाला.

धुरी मात्र बंद करा. ओव्याचा असो वा धूपाचा, धूर तो धूर. पाच महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आली तरी श्वास अडू लागतो. दारे-खिडक्या लावून, निखाऱ्यांवर ओवा टाकून बाळाला वर धरले की निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायूही त्याच्या नाकात जातो. कापराचे तर नावच काढू नका. दोन वर्षांखालील मुलांच्या अंगाला कापूर किंवा कापूर असलेला बाम लावू नये आणि तो पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात. घरातला कापूर आता देव्हाऱ्यात खाली न ठेवता उंच फळीवर ठेवा, कारण काही महिन्यांत बाळ रांगू लागेल. मध चाटवण्याची पद्धत असेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत तेही टाळावे.

हात-पाय गार लागणे याला इतके घाबरू नका. लहान बाळांचे तळहात-तळपाय अनेकदा गारच असतात. बाळाला थंडी वाजते का, हे पाहायचे असेल तर आपला हात आधी कोमट करून त्याच्या मानेच्या मागे, कपड्याच्या आत दोन बोटे सरकवा. तिथे ऊब लागली तर बाळ बरे आहे. घाम लागला तर एक कपडा काढण्याची वेळ झाली आहे. घरात मोठ्या माणसांनी जितके कपडे घातले असतील त्याहून एक थर जास्त, एवढा अंदाज पुरतो. झोपताना डोके उघडे राहू द्या, कारण बाळ जादा उष्णता मुख्यतः डोक्यावाटे बाहेर टाकते. जड गोधडी त्याच्या अंगावर टाकू नका. ती चेहऱ्यावर सरकली तर त्याला दूर करता येत नाही.

आणि ट्रंकेतून काढलेले लोकरीचे जुने कपडे? त्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर ते धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नयेत. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते आणि अशा बाळांमध्ये डांबरगोळीच्या नुसत्या वासानेही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. सुनेला हे पत्र वाचून दाखवा आणि मालिशीचे काम तुमच्याकडेच ठेवण्याविषयी तिच्याशी बोला. मला वाटते, ती आनंदाने हो म्हणेल.

प्रश्न : आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. हल्ली ती आंघोळीला गेली की कडी लावून अर्धा अर्धा तास बाहेर येत नाही. थंडीमुळे गरम पाण्यात बसायला आवडते म्हणते. दोनदा बाहेर आल्यावर तिला गरगरले आणि एकदा उलटी झाली. शेजारीण म्हणते वयात येताना असे होते. न्हाणीघर लहान आहे, गॅसचा गिझर आतच बसवलेला आहे. तिने कडी लावू नये असे सांगितले तर ती चिडते. — एक वडील, नाशिक

उत्तर : हे उत्तर वाचून झाल्यावर आज संध्याकाळी करायचे पहिले काम म्हणजे गिझर बंद करणे. तो न्हाणीघराबाहेर बसवून होईपर्यंत पुन्हा लावू नका.

गॅसचा गिझर जळताना त्याच खोलीतला प्राणवायू वापरतो. न्हाणीघर लहान, झरोका थंडी येते म्हणून बंद, दाराखाली कापड लावलेले, असे असले की काही मिनिटांत प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, पायांतले बळ जाणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत, आणि तुमच्या मुलीला तीच झाली आहेत. पुढची पायरी बेशुद्धीची असते. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली आणि मिरगी समजून महिनोन् महिने गोळ्या घेत राहिलेली मुले वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. त्यामुळे तिला एकदा डॉक्टरांकडे नेऊन हा सगळा वृत्तांत, गिझरसकट, सांगा.

गिझर बाहेरच्या मोकळ्या जागेत, गच्चीकडच्या भिंतीला किंवा हवेशीर गॅलरीत बसवून घ्या आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणा. ते होईपर्यंत पाणी चुलीवर तापवून बादलीने द्या, किंवा विजेवर चालणारा टाकीचा गिझर घ्या. झरोका बारा महिने उघडा राहील असे पाहा. कधी आतून ओ आली नाही तर दार तोडा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ वर फोन करून प्राणवायू देता येईल अशा रुग्णालयात न्या; शुद्ध आली तरी न्याच.

कडीविषयी मात्र मी मुलीच्या बाजूने आहे. अकराव्या वर्षी तिचे शरीर बदलू लागले आहे, आपल्या अंगाकडे एकटीने पाहण्याची, निवांत राहण्याची गरज तिला वाटू लागली आहे आणि भरल्या घरात तिला तो एकांत फक्त न्हाणीघरात मिळतो. तो काढून घेऊन सुरक्षितता आणू नका. गिझर बाहेर गेला की कडी लावून वीस मिनिटे आत राहण्यात काही वावगे नाही. फार गरम पाण्याने त्वचा कोरडी पडते आणि पोटऱ्या खाजतात, एवढे तिच्या आईने तिला सांगावे. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावले तर ते चांगले जिरते.

प्रश्न : आमचा चार वर्षांचा मुलगा बालवाडीत जाऊ लागल्यापासून दर पंधरा-वीस दिवसांनी सर्दी-खोकल्याने आजारी पडतो. थंडीत तर खोकला थांबतच नाही. आम्ही केळे, दही, पेरू सगळे बंद केले आहे. औषधाच्या दुकानातून आणलेले खोकल्याचे सिरप दिले की त्याला झोप लागते, पण खोकला जात नाही. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का? — आई-वडील, ठाणे

उत्तर : या वयाच्या निरोगी मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होते आणि बालवाडीचे पहिले वर्ष असेल तर त्याहूनही जास्त वेळा. प्रत्येक खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्यामुळे एक संपेपर्यंत दुसरा सुरू होतो आणि मूल सतत आजारी असल्यासारखे दिसते. तो खेळतो, हसतो, वजन वाढते आहे, तर प्रतिकारशक्तीची काळजी करू नका. ती घडवण्याचेच काम सध्या चालू आहे.

सर्दी विषाणूंमुळे होते. थंडीत ती वाढते याचे एक मोठे कारण असे की वर्गाच्या आणि घराच्या खिडक्या बंद असतात आणि तीच हवा तीस मुले आळीपाळीने घेत असतात. केळ्याने किंवा घरी लावलेल्या, फ्रिजबाहेरच्या दह्याने सर्दी होत नाही; ते सुरू करा. पेरूवरचा तुमचा राग तर मला मुळीच पटत नाही, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने भरलेले इतके स्वस्त फळ या दिवसांत दुसरे नाही. पिकलेला, बिया काढलेला गर द्या.

सिरप मात्र आजच थांबवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात दूषित सिरपमुळे बालमृत्यू झाल्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने सूचना काढली की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. शुद्ध सिरपदेखील या वयात खोकला कमी करत नाही. त्याने येते ती गुंगी, आणि तुम्हाला आराम वाटतो तो त्या गुंगीचा. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, मुगाचे कढण, आणि रात्री झोपताना अर्धा चमचा मध एवढे पुरे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका. पातेले कलंडून भाजलेली मुले दर थंडीत पाहावी लागतात.

डॉक्टरांकडे कधी न्यावे, हे ओळखण्यासाठी एक गोष्ट शिकून घ्या. मूल शांत झोपलेले असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ समोर ठेवून, पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. चार वर्षांच्या मुलात ही संख्या चाळीस किंवा अधिक असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, किंवा मूल पाणीही नाकारत असेल तर त्याच वेळी निघा. थांबून पाहू नका. खोलीच्या खिडक्या दुपारी उघडा; थंडीत सकाळी आणि रात्री थंड हवेबरोबर धूळ-धूर खालीच साचून राहतो, ऊन चढल्यावर तो विरतो.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठतो. सकाळी मात्र उड्या मारत शाळेत जातो. गारठा लागला असे सगळे म्हणतात. — एक आई, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही पाय, पोटऱ्या, मांड्यांचा पुढचा भाग किंवा गुडघ्यांमागची जागा, दुखणे संध्याकाळी किंवा रात्री आणि सकाळी काही नाही, अशी ही कहाणी असेल तर त्याला वाढीचे दुखणे म्हणतात. ते तीन ते बारा वर्षांच्या अनेक मुलांना होते. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होते, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि एवढ्या संथ वाढीने हाडे दुखत असतील असे सिद्ध झालेले नाही. दिवसभराच्या धावपळीने थकलेल्या स्नायूंचा त्यात वाटा असावा. डिसेंबर-जानेवारीत क्रीडास्पर्धा आणि गॅदरिंगच्या नाचाच्या तालमी एकदम येतात, हेही लक्षात घ्या. गारठा हे कारण नाही. तरीही कोमट तेलाने चोळल्यावर आणि पायांवर पांघरूण घातल्यावर त्याला बरे वाटते, तर ते जरूर करा. रात्री दोन वाजता आईचा हात पायावरून फिरणे हे औषधच आहे.

एकच पाय दुखत असेल, सांधा सुजला असेल, मूल लंगडत असेल, सकाळीही पाय आखडत असतील, ताप किंवा वजन घटणे असेल, तर तपासणी करून घ्यावी. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ऊब असली तरी ते जीवनसत्त्व तयार करणारे किरण फार थोडे असतात. रविवारी अकरा-बारा वाजता, हात-पाय उघडे ठेवून, त्याला अर्धा तास अंगणात खेळू द्या. आपल्याकडची थंडी एवढी सवलत देते. उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर पडवत नाही.

प्रश्न : नातवाचे बोरन्हाण करायचे आहे. तो चौदा महिन्यांचा आहे. शेंगदाणे, बोरे वगैरे घालू नका असे सून म्हणते. मग उरते काय? — एक आजी, डोंबिवली

उत्तर : बहुतेक सगळेच उरते. काळे झबले, हलव्याचे दागिने, ओवाळणे, गल्लीतली जमलेली पोरे आणि त्यांचा गलका हे सगळे हवेच. सुनेचे म्हणणे मात्र खरे आहे. शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा, बोराची बी, उसाचा करवा यांतले काहीही चौदा महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. दाढा आलेल्या नसतात, तोंडात टाकण्याची घाई असते आणि वरून मुले हसवत असतात. बाळाच्या डोक्यावरून नुसते चुरमुरे ओता आणि बोरे, ऊस, गोळ्या, चिक्की यांची पुडकी बांधून मोठ्या मुलांच्या हातात द्या. वेचण्याची मजा चुरमुऱ्यांतही असते. हलव्याचे दागिने छायाचित्र निघाले की उतरवा, कारण दोरा ओढून हलवा तोंडात घालणे त्याला सहज जमेल. समारंभ संपला की सतरंजी झटकून, कोपऱ्यांतही केरसुणी फिरवून मगच बाळाला खाली सोडा. रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, त्यामुळे त्याला सर्दी असेल तर चार दिवस थांबावे. त्याला तिळगूळ चाखवायचा असेल तर कुटलेल्या तिळाची मऊ वडी बोटाच्या टोकाएवढी, मांडीवर बसवून द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. सायकलने शाळेत जातो. मला थंडी वाजत नाही, तरी आई स्वेटर घातल्याशिवाय सोडत नाही. दुपारी तो हातात घेऊन यावे लागते आणि मित्र हसतात. तुम्ही आईला सांगाल का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आईला सांगतो, पण आधी तुझ्याशी बोलतो. पायडल मारणाऱ्या मुलाचे अंग पाच मिनिटांत तापते, हे तू म्हणतोस ते खरे आहे आणि जाड स्वेटरच्या आत घाम येऊन तो अंगावर गार होण्यापेक्षा स्वेटर नसलेला बरा. त्रास थंडीपेक्षा सायकलच्या वेगाने लागणाऱ्या वाऱ्याचा असतो. त्यासाठी लोकरीच्या स्वेटरऐवजी वारा अडवणारे पातळ जाकीट पुरते, आणि ते गुंडाळले की दप्तराच्या कप्प्यात जाते. आत सुती बनियन असू दे.

आता आईंना विनंती. त्याला थंडी वाजते की नाही, हे ठरवण्याचे काम या वर्षीपासून त्याच्याकडे द्या. चौदाव्या वर्षी मुलाला स्वतःच्या अंगाचे ऐकायला शिकावे लागते आणि त्यासाठी एखाद्या सकाळी तो थोडा कुडकुडला तरी चालेल. फार तर दुसऱ्या दिवशी तो स्वतःच जाकीट मागेल. स्वेटरवर खर्च होणारा तुमचा आग्रह एका वेगळ्या गोष्टीवर खर्च करा. सकाळी साडेसहाला रस्त्यावर अजून नीट उजाडलेले नसते आणि धुके असेल तर मागून येणाऱ्या गाडीला गडद कपड्यांतला सायकलस्वार अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सायकलला मागे लाल दिवा आणि दप्तरावर चमकणारी पट्टी लावून द्या, आणि जाकीट फिकट किंवा पिवळ्या रंगाचे निवडा. रंग मात्र त्यालाच निवडू द्या, म्हणजे तो ते घालेल.